सिंधचा भगत आणि कुपवाडची भुतं

मला हसू आवरत नाही, हा माझा जन्मजात दोष. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालली असताना भटजींना ऐन "सावधान"ला शिंक आली आणि मी अंतरपाटाआड इतकी हसले की मुंडावळ्या गळ्यात आल्या. कुपवाडला नांदायला आल्यावर आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पहिल्याच दिवशी नियम घालून दिला, "हसायचं आसंल तर परड्यात जाऊन हसून यायचं. घरात न्हाई." मग मी दिवसातून चार-पाच वेळा घाईघाईनं परड्यात जायची. शेजारणीला वाटायचं, हवालदारांच्या सुनंचं पोट बिघडलंय. ती मला बाळहिरडा आणून द्यायची.

हवालदार म्हणजे माझे मामंजी, माझे सासरे. ते खेचरांच्या पलटणीतून पेन्शनीत निघालेले. नोकरीत त्यांनी अकरा महिने कराचीत काढले होते आणि त्या अकरा महिन्यांवर पुढची वीस वर्षं कुपवाडात काढली. कुणी पावसाचं बोललं तरी ते म्हणत, "कराचीत आसं नव्हतं." सिंधी भाषा आपल्याला "पार आतनं" येते, असं ते सांगत. तेव्हाचं कुपवाड म्हणजे शाळूची रानं, मारुतीचं देऊळ आणि सांगलीला जाणारा धुळीचा रस्ता. त्यांची परीक्षा घेणारं तिथं कोण भेटणार? आता त्याच रानांत कारखान्यांचे भोंगे वाजतात.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. माझे वडील पुण्याच्या लष्करात तबेल्यावर कामाला होते. मी लहानपणी तिथल्या चाळीत पठाणांच्या आणि पुरभय्यांच्या पोरींबरोबर खेळले, भांडले. त्यामुळं हिंदुस्थानी मला मराठीइतकीच येत होती. सासरी हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण मामंजींची हिंदुस्थानी ऐकून घेतल्यावर आपल्यालाही येते म्हणणं म्हणजे त्यांच्या मिशीला हात घालणं. आमचे हे तिकडं अंबाल्याला पलटणीत. घरात आम्ही तिघंच, मामंजी, आत्याबाई आणि परड्यात हसणारी मी.

स्वातंत्र्य मिळून दीडएक वर्ष झालं होतं. पौष महिना होता. एका बुधवारी मामंजी दाढ काढून घ्यायला मिरजेला गेले आणि संध्याकाळी टांग्यातून एक सुजलेला गाल आणि एक अनोळखी माणूस घेऊन परत आले. माणूस उंच, पन्नाशीचा, पांढऱ्या कपड्यांतला. डोक्याला पागोटं, काखेत गाठोडं, आणि धोतरात गुंडाळलेलं काहीतरी लांबुळकं तान्ह्या मुलासारखं छातीशी धरलेलं.

"आमचा कराचीवाला हाय!" मामंजी टांग्यातूनच ओरडले. दाढेच्या जागी कापूस होता, त्यामुळं ते "आम्मा फरातीवाला" असं ऐकू आलं. मिरज स्टेशनावर हा माणूस कुणाला तरी सिंधी रीतीनं "साईं" म्हणाला, ते मामंजींच्या कानावर पडलं आणि त्यांनी त्याला धरलंच. त्याची कोल्हापूरची गाडी ह्यांच्या गप्पांत चुकली. मग सोडून कसं देणार?

त्याला ओसरीवर बसवून, कापूस गालाच्या दुसऱ्या बाजूला सारून मामंजींनी आपली ठेवणीतली सिंधी काढली, "अदा, छा हाल हाय?"

पाहुण्याचे डोळे एकदम भरून आले. छातीवर हात ठेवून तो म्हणाला, "साईं, सभु खैर आहे." म्हणजे सगळं क्षेम.

मी दाराआड उभी होते. ते "आहे" ऐकलं आणि मला परडं गाठावं लागलं. आमच्या घरात सगळे जन्मापासून "हाय" म्हणत आलेले. "आहे" म्हणायचे ते फक्त शाळेतले मास्तर. आणि हा समुद्रापलीकडून आलेला माणूस पुस्तकासारखं स्वच्छ "आहे" म्हणतोय! त्यांच्या भाषेतही ते तसंच असतं, हे मला मग कळलं. पोट धरून हसले, पण त्या क्षणापासून तो माणूस मला परका वाटेना.

मी परत आले तेव्हा मामंजी विचारत होते, "तुम काम क्या करताय?"

"मैं भगत हूँ," पाहुणा म्हणाला.

मामंजींनी आमच्याकडं वळून जाहीर केलं, "भगत हाय!"

आत्याबाईंच्या हातातलं ताट तिथंच थांबलं. आमच्याकडं भगत म्हणजे देवरुषी. अंगात आलेलं काढणारा, लिंबू उतरवणारा, अंगारा देणारा. त्यांनी पाहुण्याला वाकून नमस्कार केला, ताटात पिठल्याचा आणखी एक गोळा वाढला आणि मागच्या दारानं शेजारणीकडं गेल्या. दहा मिनिटांत आळीला कळलं, आणि जेवणं उरकायच्या आत गावाला.

भगत म्हणजे काय, हे तो माणूस त्या वेळी ओसरीवर स्वतःच सांगत होता. ऐकून कळणारी मी एकटी, तीही दाराआड. सिंधमध्ये भगत म्हणजे गाणारा. पायांत घुंगरं, अंगात घोट्यापर्यंतचा लाल झगा, हातात एकतारी. एकटा उभा राहून गातो, नाचतो, मधेच गोष्ट सांगतो, लोकांना रडवतो आणि त्या रडण्यातच हसवतो. सक्करच्या बाजूला एका कालव्याकाठच्या खेड्यात पाहुण्यांचा जन्म. बाप धान्य मापायचा. नऊ वर्षांचे असताना जत्रेत एक भगत ऐकला आणि त्याच्या मागोमाग निघून गेले. गुरूनं सात वर्षं गाऊच दिलं नाही. गुरूनं ओळ टाकायची आणि ह्यांनी मागून तिचे शेवटचे दोन शब्द उचलायचे, एवढंच. "सात वर्षं दोन शब्द," ते दोन बोटं दाखवून म्हणाले, "पण त्या दोन शब्दांशिवाय गुरूची ओळ जमिनीवर पडायची." मागून ओळ उचलणाऱ्याला आपण झीलकरी म्हणतो. पुढं ते स्वतः भगत झाले. लग्न असो, बारसं असो, कुणाची मन्नत असो, उंट पाठवून त्यांना बोलावणं यायचं. हिंदू-मुसलमान एका सतरंजीवर बसून ऐकायचे. ह्यांचा झीलकरी एक मुसलमान कुंभार. उपड्या मडक्यावर ठेका धरायचा आणि ओळ अशी उचलायचा की ह्यांना वाटायचं, आपलाच आवाज भिंतीवर आपटून गोड होऊन परत आलाय. तीस वर्षांची जोडी. आता हा इकडं आणि कुंभार तिकडंच राहिला.

तेवढ्यात मामंजींनी त्या सगळ्याचं सार शेजारून परतलेल्या आत्याबाईंना मराठीत सांगितलं, "त्येचा एक जोडीदार हाय. मुसलमान हाय. मडक्यात ऱ्हातोय."

आत्याबाई दोन पावलं मागं सरकल्या. भूत मडक्यात कोंडून ठेवणारा देवरुषी त्यांनी ऐकला होता, पाहिला नव्हता. "बरूबर आनलंय का मडकं?" त्यांनी हळूच विचारलं.

मी एका डोळ्यानं रडत आणि दुसऱ्यानं हसत परड्यात पळाले. शेजारीण बाळहिरडा घेऊन उभीच होती.

परत आले तेव्हा पाहुणा खरी गोष्ट सांगत होता, आणि ती ऐकून माझं हसू जागच्या जागी जिरलं. कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत त्यांचं बिऱ्हाड होतं. सिंध सोडल्यापासून ते एकदाही गायले नव्हते. छावणीत कुणी ऐकायला बसत नाही. कुणी रेशनच्या रांगेत, कुणी पाण्याच्या. एकदा सूर लावायला गेले तर म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, गाऊ नको बाबा, घर आठवतं. एकतारी बोटीवरच फुटली होती. मेव्हण्यानं तिथंच कापडाचं दुकान मांडलं होतं आणि सांगून टाकलं होतं, गाणं सिंधमध्ये राहिलं, सोमवारपासून दुकानात गादीवर बसायचं. ह्यांनी कबूल केलं होतं. फक्त त्याआधी मिरजेला जाऊन एकतारी दुरुस्त करून आणली होती. एकदा, फक्त एकदा माणसांसमोर उभं राहून बघायचं होतं. "माणसं गाण्यासाठी बसली, तर मी दुकानात बसणार नाही," ते म्हणाले, "आणि नाही बसली, तर ही एकतारी खुंटीला टांगीन आणि सोमवारी कापड मोजीन."

"काय म्हंत्यात?" आत्याबाईंनी विचारलं.

"सोमवारी दुकान हाय," मामंजी म्हणाले. "त्येच्या आत एकदा मान्सं बसवायची म्हंत्यात."

"भुतं उठवून मान्सं बसवत असतील," आत्याबाई म्हणाल्या. "उद्याच आवस हाय. पाटलांच्या थोरल्या वैनींना आनू द्या की."

पाटलांच्या थोरल्या वहिनींबद्दल सांगते. त्या ऐन तारुण्यात विधवा झालेल्या, मूलबाळ नाही, आणि दर अवसेला त्यांच्या अंगात यायचं. आलं की केस सोडून घुमायच्या, पाटलांना बापजन्मात कुणी दिल्या नसतील अशा शिव्या द्यायच्या, पुरणपोळी मागायच्या, नवं लुगडं मागायच्या. पाटील मुकाट्यानं आणून द्यायचे. महिन्याचे उरलेले दिवस त्या कुणाच्या नजरेला पडत नसत. आवाजही ऐकू येत नसे. मला तेव्हाही वाटायचं, या बाईला बोलायला महिन्यातला एकच दिवस मिळतो.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आमच्या ओसरीपुढं रांग लागली. एकीची म्हैस पान्हा चोरत होती. एकाला वर्षभर उचकी होती, म्हणजे राहून राहून. एकानं काहीच झालेलं नसताना सावधगिरी म्हणून नाव लावलं होतं. कुणी नारळ आणला, कुणी लिंबं, एकानं कोंबडी. आणि आमचा पाहुणा! काय खुलला होता तो! गावच्या गाव आपल्याला भेटायला आलंय, हातात भेटी घेऊन आलंय, अशी मंडळी त्यानं सिंध सोडल्यापासून पाहिली नव्हती. प्रत्येकाचे हात हातात घेऊन तो "आओ साईं, बैठो साईं" करत होता. कोंबडीच्या पाठीवरूनही त्यानं प्रेमानं हात फिरवला आणि तिला सोडून दिलं. ती खांबामागं जाऊन बसली. लोक म्हणाले, कोंबडीसुद्धा न मागणारा देवरुषी पहिल्यांदाच बघतोय.

लिंबांचं तर विचारू नका. म्हशीवरून, उचकीवाल्यावरून आणि कुणाकुणावरून उतरलेली अकरा लिंबं ओसरीवर जमली. ती तीन वाटांच्या तिकटीवर नेऊन टाकायची असतात, ओलांडायचीही नसतात. पाहुण्यानं त्यातलं एक उचललं, कापलं, न्याहारीच्या पिठल्यावर पिळलं आणि मिटक्या मारत खाल्लं. बायकांनी पोरं पदराआड ओढली. मग त्यानं दुसरं पिळलं.

"पिळून खाल्लं!" उचकीवाला कुजबुजला. "आरं, भूतच खाल्लं की गड्या त्येनं!" आणि त्याची उचकी थांबली. थांबली ती थांबलीच. झालं, त्यानंतर गावात कुणाची काही शंका उरली नाही.

मी मात्र कात्रीत सापडले. गावात दोन्ही बाजूंचं कळणारी मी एकटीच, आणि दोन्ही बाजूंना तोंड उघडायची बंदी असलेलीही मी एकटीच. गावाला सांगावं की हा फक्त गाणारा आहे, तर अर्धं गाव निघून जाणार आणि अर्धं मामंजींच्या अंगावर येणार. त्याला सांगावं की हे भूत काढायला आलेत, तर त्याचा हा खुललेला चेहरा माझ्यासमोर मावळणार. ते मला बघवलं नसतं. मी गप्प राहिले. त्या दिवशी मी परड्यातही गेले नाही.

भुतांची वेळ भर दुपारी बाराची, म्हणून कार्यक्रम बाराला ठरला. पाहुणा चकित झाला. सिंधमध्ये म्हणे भगत जेवणानंतर उभा राहतो तो उजाडेपर्यंत गातो. दुपारी बाराला कोण गातं? मामंजींनी समजूत काढली, "हमारा गाव में सब बारा बजे होताय."

मारुतीच्या पारापुढं सगळं कुपवाड जमलं. मामंजी छातीवर बिल्ले लावून, सुजलेल्या गालासकट खुर्चीवर. बायका एका बाजूला, त्यांत आत्याबाई आणि मी. पाटलांच्या वहिनींना दोघींनी दंडाला धरून आणलं आणि मोकळ्या केसांनी सगळ्यांच्या पुढं बसवलं. पाहुणा लाल झगा घालून, घुंगरं बांधून आला. पुढं बसवलेली बाई म्हणजे गावातली सगळ्यांत मानाची असणार, असं समजून त्यानं वहिनींना कमरेतून वाकून सलाम केला. वहिनी दचकल्या. त्यांना आजवर लोक भ्यायले होते. वाकलं कुणी नव्हतं.

मग त्यानं एकतारी छेडली आणि पहिली ओळ टाकली, "मुंहिंजे घर में साईं आयो आहे." माझ्या घरी माझा धनी आला आहे. आवाज सुरुवातीला गंजल्यासारखा निघाला, मग मोकळा झाला आणि पाराच्या पिंपळापर्यंत गेला. त्यानं ओळ संपवली, गिरकी घेतली, हात मागं केला आणि थांबला.

मागं कुणीच नव्हतं.

त्यानं पुन्हा ओळ टाकली. पुन्हा गिरकी, पुन्हा हात मागं. तीस वर्षांची सवय ती. गाव वहिनींकडं बघत होतं, आता घुमतील, मग घुमतील. त्याच्या गाण्याकडं कुणाचं लक्षच नव्हतं. तिसऱ्या वेळी ओळ टाकताना त्याचा आवाज शेवटच्या दोन शब्दांवर हलला, आणि मला दिसलं की चौथ्यांदा हा ओळ टाकणार नाही. एकतारी खाली ठेवील.

आणि मी ओरडले. गायले म्हणायची लाज वाटते, ओरडलेच. "आयो आहे!"

आत्याबाईंनी मांडीला असा चिमटा काढला की आठ दिवस निळं होतं. पण पाहुणा गर्रकन वळला, आणि त्याचा तो चेहरा! मी आयुष्यात कुणाला एवढं सुख दिलं नाही. त्यानं दुप्पट जोरात ओळ टाकली, मी पुन्हा "आयो आहे!" म्हटलं, आणि या वेळी माझ्याबरोबर आणखी एक आवाज आला, जाडा, न वापरलेला. पाटलांच्या वहिनींचा.

बायकांना "आयो आहे" म्हणजे "आलंय" एवढं कळायला कुणी सांगावं लागलं नाही. त्यांना वाटलं, वहिनींच्या अंगात आलंय असंच तो सांगतोय. पण ओळ उचलायचं बायांना काय शिकवायचं? जात्यावर आणि पंचमीच्या फेरात जन्म गेलेला. सातव्या वेळेला पन्नास जणी होत्या. "आयो हाय गं, आयो हाय!" कुपवाडच्या तोंडी गेल्यावर "आहे"चं "हाय" झालंच. तो नाचत होता, झगा छत्रीसारखा फुलत होता. वहिनी उठल्या, आम्ही श्वास धरले, आता पाटलांना शिव्या बसणार! त्यांनी समोर आलेल्या आत्याबाईंचे हात धरले आणि फुगडी घालायला सुरुवात केली. आत्याबाई, ज्यांनी मला घरात हसायला बंदी केली होती, त्या माझ्या देखत फुगडी घालत खिदळत होत्या! उचकीवाला नाचला. म्हैसवाली नाचली. मामंजी बिल्ले वाजवत उड्या मारत होते आणि कापूस तोंडातून कधी पडला त्यांना कळलं नाही. दोन तास हे चाललं. शेवटी वहिनी दमून खाली बसल्या, हसत होत्या, आणि कुणीतरी ओरडलं, "ग्येलं! भूत ग्येलं!" साऱ्या गावानं टाळ्या वाजवल्या. पाहुण्याला वाटलं, ही वाहवा. तो प्रत्येक दिशेला वाकून सलाम करत राहिला.

मला वाटलं, जिंकलो. त्याला गाणं मिळालं, गावाला देवरुषी मिळाला, कुणाला काही कळायचं कारण नाही. शुक्रवारी सकाळी तो गाठोडं बांधत होता. मेव्हण्याला सांगणार होता, दुकान तुझं तू बघ.

तेवढ्यात म्हैसवाली आली. म्हशीनं पान्हा सोडला होता. ती त्याच्या पाया पडली आणि पदर पसरून म्हणाली, "आंगारा द्या म्हाराज."

"क्या माँगती है?" त्यानं विचारलं.

"राख माँगताय," मामंजी म्हणाले. "चूल का."

तो माझ्या दिशेनं वळला. काल ओळ उचलली तेव्हापासून दाराआडची मी त्याच्या लेखी त्याची जोडीदारीण झाले होते. "बेटी," तो म्हणाला, "ही माझ्याकडं राख का मागते?"

त्यानं सरळ विचारलं आणि मला खोटं बोलता येईना. मी उंबरा ओलांडून बाहेर आले आणि स्वच्छ हिंदुस्थानीत सगळं सांगितलं. भगत म्हणजे आमच्याकडं कोण, लिंबं कसली, कोंबडी कशाला, मडक्यातला जोडीदार, पुढं बसलेल्या वहिनी.

मामंजींचे डोळे पांढरे झाले. "तुला येतीया?"

"येते."

"कवापास्नं?"

"परकर नेसायच्या आधीपासनं, मामंजी."

पाहुणा हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. पायरीवर बसला. "म्हणजे गाण्यासाठी कुणीच आलं नव्हतं," तो म्हणाला.

"पण ओळ उचलली की त्यांनी!"

"औषध कडू असलं तरी माणूस घोट घेतो, बेटी." त्यानं एकतारीवर पुन्हा धोतर गुंडाळायला घेतलं. "मेव्हणा बरोबर म्हणत होता."

मला इतका राग आला! त्याचा, गावाचा, माझ्या सत्यवचनी जिभेचा. जीभ चावून तुकडा पाडावा असं वाटलं. आणि माझे मामंजी, ज्यांनी वीस वर्षं कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं, ते पुढं झाले, त्याच्यासमोर टाचा जुळवून उभे राहिले आणि मला म्हणाले, "त्यास्नी सांग, चूक माजी हाय. खरं म्हंजी कराचीत मी मान्सांशी बोललोच न्हाई. खेचरांशीच बोललो."

मी ते सांगितलं. पाहुण्याच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"आनि सांग," मामंजी म्हणाले, "उद्या शनवार हाय. एक डाव ऱ्हावा. ह्या खेपेला मी गावाला खरं काय ते सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. पितळी ताट वाजवत स्वतः आळीआळीतून फिरले, "आयका हो आयका! उद्या चारला पारावर सिंधी पाव्हण्यांचं गानं हाय! भूत काढनार न्हाईत! लिंबू आनू नये, कोंबडी आनू नये! नुस्तं गानं!" लोक दारात येऊन ऐकत होते आणि आत जात होते. उचकीवाला म्हणाला, "नुस्तं गानं? आवं हवालदार, मग उपेग काय?"

शनिवारी चार वाजता पारापुढं मी, मामंजी आणि आत्याबाई. मामंजी त्याच खुर्चीवर, त्याच बिल्ल्यांत. पाहुणा लाल झगा घालून पाराच्या कडेला बसला होता. घुंगरं शेजारी काढून ठेवलेली. शाळूची राखण चालू होती, गोफणींचे आवाज येत होते. एक धनगर मेंढरं घेऊन समोरून गेला. त्याला मामंजींनी बसायचा हुकूम सोडला, तो म्हणाला मेंढरं बसत न्हाईत. मला हसू आलं, आणि हसता हसताच रडू आलं. साडेचार झाले असतील. पाहुण्यानं पागोटं नीट केलं, घुंगरं उचलली आणि ती गाठोड्यात भरू लागला.

तेव्हा पाटलांच्या वाड्याकडून एक बाई येताना दिसली. तेल लावून चप्प बसवलेला अंबाडा, धुतलेलं लुगडं. मी ओळखलंच नाही. दंडाला धरणारं कुणी बरोबर नव्हतं. अवस होऊन दोन दिवस झाले होते आणि वहिनी भर गावातून आपल्या पायांनी चालत येत होत्या. दारादारांतून लोक बघत होते. त्या सरळ परवा बसल्या होत्या त्या जागी येऊन बसल्या आणि मला म्हणाल्या,

"आज माज्या अंगात कोन न्हाई. मी एकटीच आलीया. गा म्हनावं त्येला."

मी त्याला ते हिंदुस्थानीत सांगितलं. त्यानं ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग त्यानं गाठोडं सोडलं, घुंगरं बांधली, तिला वाकून सलाम केला आणि ओळ टाकली. वहिनींनी ती उचलली.

सोमवारी वळिवड्याच्या दुकानात मेव्हणा एकटाच बसला.